निराधार अनुदानावर चालणाऱ्या घराचे वीजबिल: तपासणी, हप्ते, नोटीस आणि तक्रार

संजय गांधी निराधार अनुदान असो वा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन, महिन्याला हातात पडतात १,५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली आहे. पैसे कधी महिन्याच्या सुरुवातीला येतात, कधी शेवटी, कधी दोन महिन्यांचे एकदम. वीजबिलावरची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. अशा घरांची थकबाकी उधळपट्टीतून क्वचितच तयार होते. बहुतेक वेळा अनुदान उशिरा आलेले असते, किंवा मीटरचे रीडिंग चुकलेले असते आणि त्यावर कुणी वेळेत बोललेले नसते. बिल चुकीचे आहे हे घरातल्या म्हातारीला कळतेसुद्धा. ती ते शेजारणीला सांगते, रीडिंग घ्यायला येणाऱ्या मुलाला सांगते, पण कागदावर काहीच उतरत नाही. वीज कायद्याने ग्राहकाला बऱ्यापैकी संरक्षण दिले आहे, पण लेखी अर्ज आणि त्याची पोच असल्याशिवाय त्यातले काहीही उपयोगी पडत नाही.

हा लेख अशा घरांसाठी आहे आणि त्यांच्या वतीने धावपळ करणाऱ्या मुली, सुना, पुतणे, शेजारी, अंगणवाडीताई आणि बचतगटातल्या बायकांसाठी आहे. उदाहरणे महावितरणची घेतली आहेत, कारण राज्याचा बहुतांश भाग तिच्याकडे आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर फॉर्म आणि कार्यालये वेगळी असतील. केंद्राचा वीज कायदा आणि राज्य वीज नियामक आयोगाचे नियम मात्र तेच लागू होतात.

आधी कागद गोळा करा

गेल्या वर्षभराची जेवढी बिले सापडतील तेवढी एका पिशवीत घाला. पावत्याही त्याच पिशवीत ठेवा. जुनी बिले सापडत नसतील तर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर मागची बिले आणि भरणा दोन्ही पाहता येतात. क्रमांक बिलावर वरच असतो. त्याच्याशेजारी ‘बिलिंग युनिट’चा चार अंकी आकडा असतो, तोही वहीत लिहून ठेवा. संकेतस्थळावर आणि कार्यालयात तो हमखास विचारतात.

मोबाइल नंबर नोंदवलेला आहे का ते पाहा. कितीतरी घरांत गावी गेलेल्या मुलाचा किंवा बंद पडलेला नंबर नोंदलेला असतो. मग रीडिंगचा संदेश, बिलाचा संदेश आणि वीज तोडण्याची नोटीससुद्धा तिकडेच जाते. नोटीस मिळालीच नाही अशी जी तक्रार होते, तिचे कारण बऱ्याचदा हेच असते. १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून नंबर बदलता येतो.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून घ्या. बिल कोणाच्या नावावर आहे? निराधार योजनेतल्या विधवा बायकांच्या घरी मीटर बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर राहिलेला असतो. काउंटरवर ‘ज्याच्या नावावर आहे त्याला घेऊन या’ असे ऐकवले गेले तर घाबरू नका. वीज कायदा २००३ मधील ‘ग्राहक’ या व्याख्येत, ज्याच्या जागेला सध्या वीजजोडणी आहे अशी व्यक्तीही येते. त्यामुळे त्या घरात राहणारी बाई स्वतःच्या सहीने तक्रार करू शकते, हप्तेही मागू शकते. अर्जात ‘मी मयत अमुक यांची पत्नी असून या जागेत राहते’ एवढे लिहायचे आणि मृत्यूचा दाखला व शिधापत्रिकेची प्रत जोडायची. नाव बदलण्याचा अर्ज सवडीने वेगळा करता येतो.

बिल वाचायचे कसे

बिलावर आकडे पुष्कळ असतात. पैशांवर थेट परिणाम करणाऱ्या मोजक्या गोष्टी पाहिल्या तरी काम भागते.

पहिली गोष्ट रीडिंग. ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ असे दोन रकाने असतात. घरच्या मीटरवरचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहा. बिल हातात येईपर्यंत काही दिवस गेलेले असतात, म्हणून मीटरचा आकडा बिलापेक्षा थोडा पुढे असायलाच हवा. तो मागे असेल तर बिल चुकले आहे यात शंका नाही. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘आरएनए’, ‘लॉक्ड’, ‘इनॲक्सेस’ किंवा ‘फॉल्टी’ असे काही छापलेले असेल तर त्या महिन्यात रीडिंग घेतलेलेच नाही आणि बिल सरासरीने आकारले आहे.

सरासरीचे बिल लहान दिसते, म्हणून लोक ते निमूट भरतात. फटका नंतर बसतो. समजा एका घरी चार महिने रीडिंग झाले नाही आणि दर महिन्याला ४० युनिट सरासरी लावली. पाचव्या महिन्यात खरे रीडिंग घेतले तेव्हा पाच महिन्यांचे मिळून २६० युनिट निघाले. हे २६० युनिट जर एकाच महिन्याचे धरले, तर पहिले १०० सोडून उरलेल्या १६० युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा ऊर्जा दर ४.७१ रुपये होता आणि १०१ ते ३०० युनिटांचा १०.२९ रुपये. म्हणजे नुसत्या टप्प्याच्या फरकाने सुमारे ८९० रुपये जास्तीचे लागले. अनुदानाच्या निम्म्याहून मोठी रक्कम! खरे तर २६० युनिट पाच महिन्यांत विभागले की महिन्याला ५२ युनिट येतात आणि सगळे पहिल्याच टप्प्यात बसतात. या विभागणीला कार्यालयात ‘स्लॅब बेनिफिट’ म्हणतात. अर्जात हाच शब्द वापरा. चार महिने भरलेली सरासरी रक्कमही त्यातून वजा झालेली दिसली पाहिजे. टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये राज्यभर एकदम तीन महिन्यांची बिले आली, तेव्हा हाच प्रश्न घरोघरी निघाला होता आणि कंपनीला टप्प्यांची विभागणी लोकांना समजावून सांगावी लागली होती.

मीटर बंद पडला असेल किंवा सदोष असेल तर नियम आणखी स्पष्ट आहे. बंद मीटरसाठी मागच्या १२ महिन्यांच्या प्रत्यक्ष वापराची सरासरी धरतात आणि असे बिल जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठीच लावता येते. वर्षभर ‘फॉल्टी’ लिहून सरासरी आकारत राहणे या नियमात बसत नाही. अर्ज करताना ही तीन महिन्यांची मर्यादा आवर्जून लिहा.

मीटर जोरात पळतोय असे वाटत असेल तर आधी घरीच तपासा. घरातली सगळी उपकरणे बंद करा, पण मेन स्विच चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणीतरी तुमच्या लाइनवरून वीज घेत आहे. मग मेन स्विचही बंद करा. तरी दिवा लुकलुकत राहिला तर दोष मीटरमध्ये किंवा मीटर आणि मेन स्विच यांच्या मधल्या वायरिंगमध्ये आहे आणि मीटर तपासणीचा अर्ज करायला हवा. तपासणीला शुल्क लागते. म्हणून ही घरची चाचणी आधी केलेली बरी.

दुसरी गोष्ट दराचा गट. निवासी वापरात ‘दारिद्र्यरेषेखालील’ असा स्वतंत्र, सर्वांत स्वस्त गट आहे. इथे फार मोठा गैरसमज आढळतो. पिवळी शिधापत्रिका आहे म्हणून हा दर आपोआप लागत नाही. मंजूर भार, म्हणजे जोडणीसाठी कंपनीने मंजूर केलेली विजेची क्षमता, अगदी कमी असावा लागतो आणि मागच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३६० युनिटांच्या आत असावा लागतो. म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिट. एखाद्या वर्षी ही मर्यादा ओलांडली की ग्राहक सर्वसाधारण निवासी गटात जातो आणि नियमानुसार त्याला परत या गटात येता येत नाही. म्हणूनच चुकीच्या सरासरीचे एखादे बिलसुद्धा अशा घराला महाग पडते. वर्षाची बेरीज ३६० च्या वर गेली आणि त्यात सरासरीचे फुगवलेले युनिट असतील, तर ‘चुकीच्या आकारणीमुळे गट बदलला आहे, तो पूर्ववत करावा’ अशी मागणी वेगळ्या मुद्द्याने लिहा.

घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या, पापड-लोणची करणाऱ्या किंवा पुढच्या खोलीत छोटे दुकान असणाऱ्या घरांनी बिलावरचा दर ‘निवासी’ आहे की ‘वाणिज्यिक’ हे नक्की पाहावे. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत व मागच्या वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर दर निवासीच लागतो. ही तरतूद फार कमी बायकांना माहीत आहे. बचतगटाच्या बैठकीत ती जरूर सांगा.

३० युनिटांत काय बसते

याचा हिशेब करायला शिकणे हा मला या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. म्हणजे एकटा पंखाच जवळजवळ सगळा कोटा खाऊन टाकतो! कमी वीज खाणारी मोटर असलेल्या नव्या ‘बीएलडीसी’ पंख्याला तेवढ्याच वेळात १० युनिटांच्या आसपास लागतात. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास लावला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. पाणी तापवायची १,५०० वॅटची रॉड रोज अर्धा तास लावली तर मात्र २२ युनिट जातात. त्यामुळे ‘दिवे बंद करा’ असे म्हाताऱ्या माणसांना सतत सांगून त्यांना अंधारात बसवण्यात काही अर्थ नाही. पंखा बदलणे आणि रॉड बंद करणे यातच खरी बचत आहे. घरातला मुलगा-मुलगी भेटवस्तू देणार असतील तर साडीऐवजी बीएलडीसी पंखा द्या. दोन-अडीच हजारांची वस्तू, पण तिचा फायदा प्रत्येक बिलात दिसेल.

स्वतःचे पक्के छप्पर असेल तर छतावरच्या सौर पॅनेलचाही विचार करता येतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटसाठी केंद्राचे ३० हजार रुपये अनुदान आहे. त्याला जोडून राज्याने दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांसाठी स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा स्वतःचा वाटा तीत अडीच हजार रुपयांच्या आसपास येतो. मात्र आधी थकबाकी मिटवावी लागते, म्हणून हे काम क्रमाने नंतरचे.

पैसे भरण्याची घडी

बिलावर तीन रकमा असतात: लवकर भरल्यास थोडी कमी, देय तारखेपर्यंत नेहमीची, आणि तारीख उलटल्यावर विलंब आकारासह वाढीव. अनुदानावर जगणाऱ्या घराला लवकरची सवलत साधणे अवघड असते, पण आगाऊ भरणा करता येतो. दोन महिन्यांचे अनुदान एकदम आले की त्याच दिवशी वीज खात्यात तीन-चारशे रुपये जास्तीचे भरून ठेवा. पुढच्या बिलात ते जमा म्हणून दिसतात. अनुदान लांबलेल्या महिन्यात मग विलंब आकार लागत नाही आणि रात्रीची झोपही उडत नाही. ऑनलाइन भरले तर बिलात पाव टक्का सूट आहे. रक्कम लहान आहे, पण पावती मोबाइलवर राहते हा मोठा फायदा.

रोख भरणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी. महावितरणचा घरगुती ग्राहक ऑगस्ट २०२३ पासून महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोख भरू शकतो. मोठी थकबाकी भरण्यासाठी दागिना गहाण ठेवून रोख घेऊन गेलेली माणसे या नियमामुळे काउंटरवरून परत येतात. त्यापेक्षा जास्त भरायचे असेल तर धनादेश किंवा ऑनलाइन, नाहीतर हप्ते.

बँकेतून आपोआप पैसे वळते करण्याची सोय, म्हणजे ऑटो डेबिट, या घरांना मी सुचवणार नाही. अनुदानाची तारीख नक्की नसते. खात्यात पैसे नसताना वसुलीची वेळ आली तर व्यवहार परत जातो आणि बँक त्याचा दंड लावू शकते. त्याऐवजी कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा.

अनुदान कोणत्या बँकेत जाते हेही माहीत हवे. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नवीन खाते उघडताना बँकेने आधार जोडला असेल तर अनुदान तिकडे वळते आणि जुन्या पासबुकात शोधून शोधून माणूस थकतो. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये चालू बँकेचे नाव दिसते. त्याच वेळी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर दिला आहे ना, हे तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारा. अनुदान थांबले की सगळ्यात आधी वीजबिल थांबते.

थकबाकी झाली असेल तर

नोटीस येण्याची वाट पाहू नका. देय तारीख उलटली आणि पुढच्या बिलात ‘मागील थकबाकी’ दिसली की त्याच आठवड्यात उपविभाग कार्यालयात हप्त्यांचा अर्ज द्या. हप्ते मंजूर करण्याचा अधिकार रकमेप्रमाणे वेगवेगळ्या अधिकाऱ्याकडे असतो. म्हणून अर्ज उपविभागाच्या प्रमुख अभियंत्याच्या नावाने करा, पुढे पाठवायचा की नाही ते तो पाहील. आपण किती भरू शकतो हे आधी घरी ठरवून जा. ‘जमेल तसे भरते’ असे म्हटले की काहीच ठरत नाही. ‘आज इतके आणि पुढे दर महिन्याला चालू बिलासह इतके’ असे म्हटले की चर्चा सुरू होते. आणि झेपेल तेवढीच रक्कम सांगा. पहिलाच हप्ता चुकला तर पुढची सवलत मिळणे कठीण होते.

अर्जाचा नमुना असा:

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, उपविभाग ________

विषय: थकीत वीजबिल हप्त्यांनी भरण्यास परवानगी मिळण्याबाबत व बिलाची तपासणी होण्याबाबत.
ग्राहक क्रमांक: ________ बिलिंग युनिट: ____ मोबाइल: ________

महोदय,
मी ________, वय __, वरील पत्त्यावर राहते. मला संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये अनुदान मिळते व घरात दुसरे नियमित उत्पन्न नाही. माझ्या बिलावर दि. ____ रोजी ____ रुपये थकबाकी दिसते.
(१) ____ ते ____ या महिन्यांत प्रत्यक्ष रीडिंग न घेता सरासरी बिल आकारले आहे. आजचे मीटर रीडिंग ____ आहे. तरी प्रत्यक्ष रीडिंगनुसार बिल दुरुस्त करून स्लॅब बेनिफिट द्यावा.
(२) दुरुस्तीनंतर राहणारी रक्कम मी आज ____ रुपये व उरलेली ____ समान हप्त्यांत चालू बिलासह भरण्यास तयार आहे.
(३) या अर्जाचा निर्णय होईपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये, ही विनंती.
सोबत: बिलांच्या प्रती, मीटरचा फोटो, अनुदान दिसणारे पासबुकाचे पान, शिधापत्रिका.

दिनांक व सही / अंगठा

थकबाकी बरोबर आहे, फक्त पैसे नाहीत, असे असेल तर पहिला मुद्दा गाळा. खोटी तक्रार घुसवू नका, त्याने खरी मागणी कमजोर होते. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. प्रत घ्यायला नकार मिळाला तर तेच कागद स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती अर्जाला टाचून ठेवा. ॲपवर तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक वहीत उतरवा.

जोडणी आधीच कायमची तोडलेली असेल तर काही वेळा थकबाकीत सवलत देणाऱ्या अभय योजना येतात. २०२२ मध्ये विलासराव देशमुख अभय योजना आली होती. सप्टेंबर २०२४ पासून आलेल्या योजनेत व्याज व विलंब आकार माफ होता, मूळ रकमेचे ३० टक्के आधी भरून उरलेले सहा हप्त्यांत भरता येत होते. सध्या अशी योजना सुरू आहे का हे विचारूनच जुनी थकबाकी भरा.

नोटीस आली तर

वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दारात येऊन ‘उद्या कापतो’ म्हणणे म्हणजे नोटीस नव्हे. कर्मचारी तोडायला आला तर नोटीस कधी दिली, कोणत्या नंबरवर पाठवली, हे शांतपणे विचारा. भांडू नका. तो माणूस वरच्याने दिलेली यादी घेऊन आलेला असतो. आपल्या अर्जाची शिक्क्याची प्रत त्याला दाखवा, तिचा फोटो काढू द्या आणि लगेच उपविभागात फोन लावा.

याच कलमात एक तरतूद आहे, ती गरीब ग्राहकाने पाठच करावी अशी आहे. बिलाबद्दल वाद असेल तर, मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, या दोन्हींपैकी जी कमी असेल ती ‘हक्क राखून’, म्हणजे बिल मान्य नसल्याचे लिहून देऊन भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. समजा नेहमी ४०० रुपयांच्या आसपास बिल येणाऱ्या घराला एका महिन्याचे ९,४०० रुपयांचे बिल आले. ते चुकीचे आहे असा लेखी वाद उपस्थित करायचा आणि त्या महिन्याचे ४०० रुपये हक्क राखून भरायचे. पावतीसोबत एका ओळीचे पत्र द्यायचे: ‘कलम ५६(१) नुसार ही रक्कम हक्क राखून भरत आहे.’ काउंटरवरचे यंत्र कमी रक्कम घेत नसेल तर आधी अभियंत्याची लेखी परवानगी घ्या किंवा आगाऊ भरणा म्हणून भरून त्याचा उल्लेख पत्रात करा. पुढच्या महिन्यांची चालू बिले मात्र नियमित भरत राहा.

कलम ५६ चा दुसरा भाग जुन्या थकबाकीबद्दल आहे. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि ती मधल्या बिलांत सलग थकबाकी म्हणून दाखवली नसेल, तर ती वसूल करण्यासाठी वीज तोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या खटल्यात सांगितले की, कंपनी चुकून राहिलेल्या रकमेचे बिल नंतर देऊ शकते, पण दोन वर्षांनंतर तिच्यासाठी पुरवठा तोडू शकत नाही. जुनी बिले जपून ठेवायला सांगतो ते यासाठीच.

कार्यालयाने ऐकले नाही तर

प्रत्येक वीज कंपनीला कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवावा लागतो. महावितरणचे मंच परिमंडळांच्या ठिकाणी आहेत आणि बिलाच्या मागच्या बाजूला किंवा संकेतस्थळावर त्यांचा पत्ता मिळतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. वकील लागत नाही, आपली बाजू मराठीत मांडता येते, म्हातारे माणूस जाऊ शकत नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवता येते. पुरवठा तोडला जाण्याची भीती असेल तर अंतरिम आदेशाची, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाची, मागणी अर्जातच करा. मंचाने साधारण ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर इथे आहेत.

वीजचोरीचा किंवा अनधिकृत वापराचा आरोप असेल, म्हणजे नोटिशीवर कलम १३५ किंवा १२६ लिहिलेले असेल, तर हा मंच ते प्रकरण घेत नाही. तिथे मुदती वेगळ्या असतात आणि कायद्याचा सल्ला लगेच लागतो. तो फुकट मिळतो. तालुका व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सर्व स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनसाठी १५१०० हा क्रमांक. राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका. ती तडजोडीची जागा आहे. वीजबिलाबरोबर ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टीही तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच, मिटवता येते. जाताना झेपणारा आकडा ठरवून जा आणि समजल्याशिवाय कागदावर अंगठा देऊ नका.

गॅसचे थोडक्यात

विजेखालोखाल ताण गॅसचा. उज्ज्वला जोडणी असेल तर २०२५-२६ साठी १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, पण जोडणी बाईच्या नावावर हवी आणि पैसे आधी भरून नंतर खात्यात परत येतात. एकदम एवढी रक्कम उभी करणे जमत नसेल तर वितरकाकडे पाच किलोचा सिलिंडर मागा. घरपोच सिलिंडरसाठी पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त पैसे द्यायचे नसतात.

फसवणुकीचा संदेश

‘मागचे बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असा संदेश कितीतरी वृद्धांना येतो. नंबर एखादा खासगी मोबाइल असतो. फोन केला की ‘अपडेट’साठी ॲप उतरवायला सांगतात आणि खाते रिकामे होते. महावितरण खासगी मोबाइल नंबरवरून असे संदेश पाठवत नाही आणि पाठवलेली लिंक उघडायला लावून ओटीपी विचारत नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर १९१२ हा नंबर ‘वीज’ या नावाने साठवून द्या. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा, मग बँकेत जा. अंगठा लावून पैसे देणाऱ्या केंद्रावर प्रत्येक वेळी छापील पावती मागा आणि शिल्लक किती उरली ते तिथेच वाचून घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.